हवालदारांची बेडकी

चाळीस वर्षं मी लोखंडाला लोखंड जोडलं. डोळ्यांवर काळी काच, हातात वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर आणि ठिणग्यांनी चाळण झालेला सदरा, एवढाच माझा थाट. सांगलीजवळ कुपवाडला आमचं वर्कशॉप होतं. आमचं म्हणजे गणपामामाचं. तो लेथवर आणि मी, त्याचा भाचा, वेल्डिंगला. गुऱ्हाळाचे चरक, उसाच्या गाड्यांचे कणे, विहिरीवरच्या इंजिनांच्या बैठका, असली कामं यायची. दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "गमतीचं लिवा. सणासुदीला कोण रडगाणं वाचतंय?" तिचं ऐकायचा प्रयत्न करतो. सुरुवात तरी गमतीची आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एका तालमीच्या वस्तादांनी हौसेने भलीमोठी गदा करून नेली आणि आठ दिवसांनी "कुणालाच उचलत न्हाई, आतनं पोकळ करा" म्हणून परत आणली. एका बाईंना चाकं लावलेली चूल हवी होती, वारा फिरेल तशी चूल फिरवायला. दिली करून. पण सगळ्यात मोठा नमुना मीच होतो, हे मामाचं मत, आणि ते त्याने माझ्यापासून कधी लपवलं नाही.

त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात कामं थंडावली होती. रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकाच्या पानावर मला एक चित्र दिसलं. नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, मागे इंजिन, आणि एक माणूस जमिनीला टेकल्यासारखा बसून चिखलातून ती गाडी हाणतोय. खालचा मजकूर फाटलेला होता. असता तरी मला वाचता आला नसता. मी ते पान भिंतीला चिकटवलं आणि भंगारबाजाराच्या फेऱ्या सुरू केल्या.

दीड इंची पाण्याच्या पाइपचा सांगाडा केला. पाइप नुसता वाकवला तर चपटा होतो, म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि तापवून हळूहळू वाकवायचा. वाळू ओली राहिली तर वाफेने खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. एक सुटली आणि मामाच्या टोपीच्या जवळून गेली. इंजिन एका मोडीत निघालेल्या मोटरसायकलचं, चाकं स्कूटरची, मागचा कणा जुन्या चरकाच्या दांड्यातून मामाने लेथवर उतरवलेला. तोंडाने शिव्या देत, पण काटेकोर उतरवलेला.

"ह्याला छप्पर कुठाय?" मामाने विचारलं.

"नसतंय मामा."

"मग पावसात?"

"भिजायचं."

"मग सायकल काय वाईट हाय रं?"

पहिल्याच फेरीत गाडी काळ्या मातीत पोटावर बसली, कारण तिचं पोट जमिनीपासून चार बोटांवर होतं. बैल लावून बाहेर काढावी लागली. बघायला जमलेल्यांनी तिचं नाव बेडकी ठेवलं आणि तेच राहिलं. मग मी चिडून एकेक बदल करत गेलो. पोट वीतभर वर घेतलं. टायर गुळगुळीत होते, त्यांत करवतीने आडव्या खाचा पाडल्या. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं. त्याने वेग मरतो पण चढाला जोर येतो. वर्षभरात बेडकी दंडोबाच्या डोंगरावर पायवाटेने चढून गेली आणि सुट्टीच्या दिवशी मनात लाडू फुटत असल्यागत मी तिच्यावर बसून फिरू लागलो. रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हतीच. पण तिला रस्ता लागतच नव्हता.

पलटणीतले हवालदार आमच्याकडे आले ते या बेडकीमुळेच. त्यांचा मेव्हणा ट्रकवर होता, पाटणच्या बाजूने सांगलीच्या बाजारात माल घेऊन यायचा. त्याने डोंगर चढणारी गाडी पाहिली आणि घरी जाऊन सांगितलं. एके दिवशी ट्रकमधून एक पन्नाशीकडे झुकलेला ताठ माणूस काठीच्या आधाराने उतरला. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा पाय मांडीपासून गेला होता. लष्कराने पाय बसवून दिला होता, पण तो सपाट जमिनीवरचा पाय होता.

"मिस्त्री, आमचं गाव खाली, रान वर सड्यावर," ते म्हणाले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. "गाडीवाट हाय, पण निस्ती धोंड्यांची. दोन मैल चढ. हौसा, आमची मालकीण, एकटी जाती. मी सोप्यात बसून कोंबड्या राखतो."

मी स्टूल पुढे सरकवलं. ते पुढे म्हणाले, "गेल्या साली भावकीतल्या दोगांनी मला पाठीवर घालून वर न्हेलं. नाचणी दावाया. चांगल्या मनानं न्हेलं, बरं का. पर मी डोळं मिटून घेतलं मिस्त्री. पलटणीत दुसऱ्याला पाठीवर घिऊन मी आलोय. आता मला ओझं हुयाचं न्हाई. माझं मी वर जायाला पायजे, एवढंच हाय."

मामाने लेथ बंद केला होता. तो म्हणाला, "शंकऱ्या, तुझी बेडकी दे त्यास्नी." मी मनात तेच ठरवलं होतं. पण ती जशीच्या तशी देऊन चालणार नव्हतं.

इथे थोडं कामाचं सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनाला गिअर पायाने बदलतात, ब्रेकही पायाने दाबतात. यांना पाय एकच. त्या पायाला ब्रेक दिला, कारण ब्रेकला जोर लागतो. डाव्या हाताला क्लच होताच. मग गिअर कुठे द्यायचा? दोन दिवस डोकं खाजवल्यावर सुचलं की गिअर बदलताना रेस सोडावीच लागते, म्हणजे उजवा हात तेवढा वेळ रिकामाच असतो. उजव्या बाजूला बसकणीशेजारी एक दांडा उभा केला. इंजिन सुरू करायची किकही हाताने ओढायची केली. हातापायाचा मेळ चुकला नाही तर सगळं एका पायावर जमत होतं. हवालदार दर आठवड्याला मेव्हण्याच्या ट्रकने यायचे, कागदावर काढलेल्या खुणा बघायचे आणि "ठीक हाय, म्होरं चला" म्हणायचे. धक्क्यांनी त्यांची तोडलेली मांडी दुखायची, तर मिरजेच्या एका टांगेवाल्याकडून जुन्या कमानी आणून बसकणीखाली घातल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. पण कमानींवर पहिल्यांदा बसले तेव्हा नुसतेच खालीवर झाले आणि हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा हसतोय, असं त्यांनीच सांगितलं.

नवरात्रात दंडोबावर शेवटची चाचणी घेतली. चढले, उतरले, वळले. वर थांबल्यावर त्यांनी शहाण्या माणसाचा प्रश्न विचारला. "मिस्त्री, बसून हाय तवर माझा पाय ब्रेकवर. पर रानात उतरलो तर गाडीला धरणार कोण?"

मी गाडी गिअरमध्ये ठेवून बघितली. पण तशी ठेवली की परत किक ओढताक्षणी ती पुढे उडी मारायची. म्हणून मीच त्यांना शिकवलं: उतरताना न्यूट्रल करायची, आणि मी तुम्हाला हातब्रेक लावून देतो. दात असलेला हँडल, ओढला की अडकून राहणारा. तो ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी सांगाड्याला वेल्ड करायची. तासाभराचं काम.

वेल्डिंगमध्ये आधी टाके मारतात. शिंपी कच्चा दोरा घालून बघतो तसं. दोन ठिकाणी ठिपका द्यायचा, पट्टी सरळ बसली का बघायचं, मग सगळीकडून पक्कं शिवायचं. अष्टमीला संध्याकाळी मी दोन टाके मारले आणि वीज गेली. तेव्हा वीज गेली की कधी येईल ते देवालाही विचारायची सोय नव्हती. आली ती नवमीला सकाळी. तोवर मामाने पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. खंडेनवमीची पूजा. माझा होल्डर, हातोडे, कानस, पाने, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची फुलं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईतो उचलायचं नाही. सगळ्या कुपवाडमध्ये त्या दिवशी कोणी उचललं नसतं. कुणाकडून मागून आणावं तर सगळीकडे तीच गत.

"मामा, एक पट्टी राहिलीय," मी म्हणालो.

"वरीसभर त्या हत्यारांनी आपल्याला पोसलंय. एक दिस बसू दे त्यास्नी," मामा म्हणाला. त्यात काही चुकीचं नव्हतं.

ठरलं होतं की हवालदार दसऱ्यानंतर चार दिवसांनी गाडी नेणार. पण मेव्हण्याचा ट्रक दसऱ्याला सकाळीच रिकामा परत चालला होता आणि हवालदार त्यात बसून हजर झाले. नवा फेटा, छातीवर पदकं.

"मिस्त्री, आज शिलंगण! आज सोन्याचं पान हौसाला वरच्या रानात देणार. सोताच्या चाकानं जाऊन."

आजूबाजूच्या वर्कशॉपांतली माणसं गोळा झाली. कुणी बेडकीला हार घातला, कुणी नारळ फोडला. आरती अजून व्हायची होती, होल्डर पाटावर फुलांखाली होता. मी गर्दीतून त्यांच्याजवळ गेलो. मला सांगायचं होतं की हातब्रेक कच्चा आहे, त्याच्यावर विसंबू नका. चांगल्या दिवशी, हार घातलेल्या गाडीसमोर, पदकं लावलेल्या माणसाला 'कच्चं' हा शब्द कसा सांगायचा, ते मला समजेना. जमलेल्यांत आमची इभ्रतही मला दिसत होती. मी म्हणालो, "हवालदार, एक बारकं काम राहिलंय. पुढच्या खेपेला गाडी घेऊन या."

"येतो की!" ते म्हणाले आणि सगळ्यांनी मिळून बेडकी ट्रकमध्ये चढवली. आरती झाल्यावर मी होल्डर हातात घेतला, तर शिवायला गाडीच नव्हती.

आठ दिवसांनी कार्ड आलं. 'शिलंगण झाले. हौसास सोने दिले. गाडी फर्स्ट क्लास. सड्यावर वारा फार आहे, विसरलो होतो.' ते कार्ड मी भिंतीवर लावलं. वाटलं, टाके धरताहेत. दिवाळीची कामं तुंबली होती. एसटीने पाटणला जाऊन तासाभराचं काम करून आलो असतो तर काही बिघडलं नसतं. गेलो नाही.

संक्रांतीनंतर हवालदार आले. या वेळी काठीच्या जोडीला खांद्यावर पिशवी होती. त्यांनी पिशवीतून हँडलासकट ती पट्टी काढली आणि लेथच्या बाकावर ठेवली.

"मिस्त्री, माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "तुमची चीज माझ्या हातनं बिघडली."

मग त्यांनी एकदम सरळ, रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. नाचणीची काढणी चालली होती. बांधाच्या वरच्या अंगाला उतारावर गाडी थांबवून ते उतरले होते. हौसाबाई रोज चाकाखाली धोंडा लावायच्या, बैलगाडीला लावतात तसा. त्या दिवशी त्या धोंडा घेऊन आल्या तर हवालदार म्हणाले, "आता धोंडा कशाला? बिरेक हाय की." त्या खाली बांधाला लागून कणसं गोळा करायला वाकल्या आणि गाडी सुटली. गाडी आणि बांधाचे दगड यांच्यात त्यांचा उजवा गुडघा सापडला. कऱ्हाडला महिनाभर ठेवलं. जीव वाचला, गुडघा गेला. आता पाय सरळ राहतो, मुडपत नाही.

"मी हँडल ओढायलाच इसरलो असणार," हवालदार म्हणाले. "धोंडा नको म्हणलो आन् बोलायच्या नादात ओढलाच न्हाई. हौसा म्हणती, ओढला व्हता, मी बघितला. ती माझं मन राखती. मग गाडी बांधावर आदळली तवा ही पट्टी निखळली. आसंच झालं आसणार, न्हवं?"

पट्टी माझ्यासमोर होती. आदळून मोडलेलं वेल्ड सांगाड्याचं थोडं लोखंड ओरबाडून आणतं. इथे तसं काही नव्हतं. दोन ठिपके स्वच्छ उखडलेले, बाकीची कड कोरी, तिला कधी आच लागलेलीच नव्हती. धोंड्यांच्या वाटेवर धक्के खाऊन टाके आधीच चिरले होते आणि त्या दिवशी ओढलेल्या हँडलाच्या ताणानेच सुटले. हँडल ओढलेला होता. हौसाबाई खरं बोलत होत्या.

मी म्हणालो, "होय. आदळल्यावर निखळली असेल."

हे वाक्य मी कोणत्या तोंडाने बोललो ते मला आजही सांगता येत नाही. हवालदारांनी मान हलवली, हात जोडले आणि गेले. मामाने पट्टी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मग लेथ सुरू केला. त्यानंतर पट्टीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. पुढच्या दिवसांत मी कधीच टाक्यांवर काम सोडलं नाही. वीज गेली तर येईपर्यंत तिथेच बसून राहायचो. लोक म्हणायचे, शंकर मिस्त्रीचं काम म्हणजे दगडावरची रेघ. मला ते ऐकवत नसे.

तीन वर्षं गेली. पुन्हा एका खंडेनवमीला मी पाटावर होल्डर ठेवत होतो. मला तो खाली ठेवताच येईना. मामा तिथेच फुलं वाहत होता. म्हातारा झाला होता.

"शंकऱ्या," तो म्हणाला, "त्या दिशी हत्यार उचलू नको म्हणलो, ते माझ्या डोक्यावर. पर सांगू नको आसं मी कवा म्हणलो?"

दसरा झाल्यावर मी पाटणची एसटी धरली. पुढे चालत गेलो. हवालदार सोप्यातच बसले होते, फेटा नाही, दाढी वाढलेली. मी त्यांच्या अंगणात प्रथमच आलो होतो. बेडकी कुठे दिसेना. विचारलं, तर म्हणाले, "गेल्या शिमग्याला मोडीत दिली. तिच्यात परत बसलोच न्हाई मी. ह्या हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई. ज्याला बिरेक ओढायचं ध्यान ऱ्हात न्हाई त्यानं चाकाला हात लावू ने." रान वाट्याने दिलं होतं. दोघांपैकी कुणीच आता वर जात नव्हतं.

आतून हौसाबाई आल्या. एक पाय काठीसारखा ताठ, तो बाजूने फिरवून टाकत होत्या. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं. वीज गेली ते, पूजा मांडली ते, हार घातलेल्या गाडीपुढे माझी जीभ अडली ते. पट्टी बघताक्षणी मला कळलं होतं, तरी मी होय म्हणालो ते. शेवटी म्हणालो, "हवालदार, तुम्ही हँडल ओढला होता. वैनी खरं बोलत होत्या."

त्यांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, उगारतील. उगारावी असंही वाटत होतं.

"वेल्डिंगचं मी काय म्हणत न्हाई," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "चूक हुती. पलटणीतबी माणसाकडनं चूक हुती. पर मिस्त्री, मी माफी मागाया तुमच्या दारात आलो व्हतो. तवा सांगायचं व्हतं. तीन वर्सं मी हिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. ही वाढती, मी खाली मान घालून जेवतो. हिनं सांगितलं तर मला वाटायचं, खोटं बोलती, मला जगवाया."

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. दुसरी गाडी करून देतो, असं मी म्हणालो. बोलल्यावर ते किती हलकं आहे ते कळलं. हौसाबाईंनी नुसती मान हलवली. नको अशीही नाही आणि हवी अशीही नाही.

हवालदारांनी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. त्या भिंतीला धरून, ताठ पाय पुढे करून त्यांच्याशेजारी बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला. हवालदारांनी त्यांच्या त्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हौसा, मी ओढला व्हता गं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी बघितला व्हता."

दोघंही रडत होते आणि मी त्यांच्या अंगणात उभा होतो. आमच्या सातारा-सांगलीकडे दारात आलेला वैरी असला तरी त्याला चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. मी पिशवी उचलली, चपला पायात घातल्या, अंगणाच्या कडेपर्यंत सावकाश चालत गेलो. मला कुणी थांब म्हणालं नाही.